यांच्या भाषणाने माळव्यात काय झालं

आमच्या घरात वेगळ्या विदर्भाची मागणी माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. मी सून म्हणून नागपुरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी सांगण्यात आल्या : पिण्याच्या पाण्याचा माठ कुठे आहे आणि पश्चिम महाराष्ट्राने आपलं काय काय पळवलं आहे. पुढे मुलं झाली, शिकली, आणि ज्या पुण्याने सगळं पळवलं त्याच पुण्याला नोकरीला गेली. मागणी मात्र घरीच राहिली.

हे, म्हणजे माझे यजमान वसंतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पूर्ण वेळ समितीचं काम करू लागले. समिती आतापर्यंत तीनदा फुटली आहे. राज्य वेगळं होईल तेव्हा होईल, सरावात खंड नको.

मागच्या हिवाळ्यात धारच्या एका वकिलांचं, दिघ्यांचं, आमंत्रण आलं. तिकडे माळव्याचं वेगळं राज्य हवं म्हणणारं एक मंडळ आहे. त्यांना यांचं मार्गदर्शन हवं होतं. ज्याला एवढ्या वर्षांत राज्य मिळालं नाही त्याच्याकडून ते कसं मिळवायचं हे शिकण्यात काय हशील, असं मी विचारलं. "अनुभवाला किंमत असते," हे म्हणाले. माझी मोठी बहीण कमलताई देवासला असते, धारला जाताना देवास करता येतं, म्हणून मीही निघाले. चळवळीशी माझा संबंध एवढाच.

देवास

ताईचा मुलगा संजू इंदूरला गाडी घेऊन आला होता. "मावशी, आराम से उतरा. सामान मी घेतो न." संजूचं मराठी असंच आहे. हिंदी शाळेत शिकला, मराठी वाचताना अडखळतो, पण देवघरात 'शुभंकरोति' म्हणताना असा शुद्ध की पुण्याच्या नातवंडांनी ऐकावं.

गाडीत त्याने यांना विचारलं, "काका, तिकडे आता हिंदी बोललं की मारतात म्हणे? आणि आमच्यासारखं मराठी बोललं तर काय सजा आहे?"

"ते सगळं मुंबईकडे," हे ऐटीत म्हणाले. "आमच्या नागपुरात हिंदी मस्त चालते. म्हणूनच तर म्हणतो, वेगळे करा."

पोहोचल्यावर चहासुद्धा न घेता यांना गाव बघायचं होतं. फुटून निघण्याचा ध्यास असलेल्या माणसाला देवास म्हणजे तीर्थक्षेत्र. संस्थानी काळात एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. ताईच्या सासरचे धाकट्या पातीचे कारकून. गावातली म्हातारी माणसं अजून सोयरीक जुळवताना कुठल्या पातीचे म्हणून विचारतात. हे बाजारातल्या रस्त्यावर मधोमध, एक पाय थोरल्या पातीत आणि एक धाकट्या पातीत टाकून उभे राहिले आणि मला म्हणाले, काढ फोटो. मी मोबाइल काढेपर्यंत मागून एक टेम्पोवाला ओरडला, "ओ भिया, सडक तमारी है कईं?" दोन्ही संस्थानं एका उडीत मोकळी झाली.

ताईचं घर छान आहे. संजूची औषधांची एजन्सी जोरात चालते, सून रश्मी शांत आणि कामाची आहे. स्वयंपाकाला बाई, धुण्याला यंत्र. ताईला काही म्हणजे काही करावं लागत नाही. देवासजवळच्या हाटपिपल्याच्या शाळेत जन्मभर मास्तरीण म्हणून राबलेल्या बाईला अजून काय हवं, असं मला वाटलं. साधारण दुपारपर्यंत वाटलं.

दुपारी सगळे पांगले. ताई झोपली होती. मला थोडी भूक होती, म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि शेवेचा डबा उघडला. तेवढ्यात भिंत बोलली.

"मावशी, ती शेव जुनी आहे. ताजी खालच्या खान्यात आहे."

माझ्या हातून झाकण पडलं. वर बघितलं तर कोपऱ्यात पांढऱ्या वाटीएवढा कॅमेरा. संजू दुकानात बसून मोबाइलवर आम्हाला पाहत होता, आणि त्या वाटीतून बोलतही होता.

"घाबरला का मावशी? आईसाठी लागवलाय. एकदा गॅस चालू राहिला होता न तिच्याकडून. आता मला टेन्शन नाही."

टेन्शन नाही हे खरंच. ते सगळं ताईकडे आलं होतं. फ्रिजचं दार जास्त वेळ उघडं राहिलं की भिंत सांगायची. चहात दुसरा चमचा साखर गेली की भिंत खाकरायची. ताई लोणच्याची बरणी काढायची ती कॅमेऱ्याकडे पाठ करून. मी हे यांना सांगितलं तर म्हणाले, "पोरगा किती काळजी घेऊन राहिला! आपल्या पोरांनी लावला का कॅमेरा?"

संध्याकाळी आम्ही टेकडीवर देवीला गेलो. हे दोरीच्या पाळण्यातून वर गेले. ताई म्हणाली आपण पायऱ्यांनी जाऊ. टेकडीवर मोठी माता आणि छोटी माता, दोघी बहिणी. दोघींचं भांडण झालं, एक टेकडी सोडून निघाली, दुसरी जमिनीत शिरू लागली; मग हनुमानाने आणि भैरवाने हातापाया पडून दोघींना थांबवलं, तेव्हा होत्या तशाच राहिल्या, अशी इथली कथा. अर्ध्या वाटेवर ताई बसली. खाली गाव, त्यापलीकडे गव्हाची आणि लसणाची हिरवी शेतं.

"सुधा, मला ना जायचं आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"हाटपिपल्याला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे खोली आहे. कितीदा तरी म्हणाली, बाई, तुम्ही या. पण काय सांगून जाऊ? कोणी छळत असतं तर बरं झालं असतं. लोक विचारतील काय त्रास होता, तर मी काय सांगू, मुलगा फार प्रेम करतो?"

तेवढ्यात वरून यांची हाक आली, प्रसाद संपत आलाय म्हणून.

धार

दुसऱ्या दिवशी ताईसुद्धा आमच्याबरोबर धारला आली. घरी बसून भिंतीचं ऐकण्यापेक्षा वसंतरावांचं ऐकते, म्हणाली. संजूने गाडी आणि ड्रायव्हर दिला.

धारमध्ये साडेबारा तलाव आहेत असं सांगतात. अर्धा कुठला, हे चौघांना विचारलं. चौघांनी चार वेगळे दाखवले. लोहस्तंभ पाहिला. कोण्या काळी तो अख्खा उभा होता, आता तीन तुकड्यांत आडवा आहे. हे त्याच्याकडे बराच वेळ ममतेने बघत होते.

सभा एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये होती. मंचावर मागे भलामोठा फलक, त्यावर होऊ घातलेल्या माळवा राज्याचा नकाशा, आणि नकाशापेक्षा थोडे मोठे पदाधिकाऱ्यांचे फोटो. माणसं पन्नाससाठ असतील. दिघे वकील उंच, गोरे, लाघवी. पूर्वज धारच्या पवार राजांच्या दरबारात होते हे त्यांनी चहाच्या आधी सांगितलं आणि चहानंतर पुन्हा सांगितलं.

यांनी हिंदीत भाषण केलं. नागपुरी हिंदी म्हणजे मराठीच, फक्त पाहुण्यांचे कपडे घालून आलेली. "हमारा कोयला जाता, बिजली उधर जाती, हमको सिर्फ धूप मिलती." लोक हसले. मी हे भाषण इतक्यांदा ऐकलं आहे की यांना ठसका लागला तर पुढचं मी म्हणू शकते. त्यामुळे मी शेवेच्या दुकानाचा विचार करत होते. पण त्या दिवशी यांना काय झालं कोण जाणे, मध्येच कागद बाजूला ठेवून बोलू लागले.

त्याचा मतलब असा : लोक आम्हाला विचारतात, तुम्हाला दुःख काय आहे? रस्ते आहेत, शाळा आहेत, पोट भरतंय. मी म्हणतो, दुःख असायलाच हवं असं कोणी सांगितलं? सुखी माणसाला वेगळं व्हायची मनाई आहे काय? माझ्या घरात आज काय शिजेल हे मी ठरवणार. चांगलं शिजेल, वाईट शिजेल, करपेल. पण ते दुसऱ्याने लांब बसून ठरवायचं नाही, मग तो दुसरा माझ्यावर कितीही प्रेम करत असो.

टाळ्या पडल्या. ताई टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि राज्य मोडायला सुरुवात झाली. पहिला प्रश्न राजधानीचा. उज्जैन, इंदूर, आणि धार स्वतः, कारण भोजराजा. अमझेऱ्याचे एक शेतकरी गृहस्थ उठून म्हणाले की राजधानी कुठेही करा, पण आधी अमझेऱ्याला तहसील करा. आम्ही ना कधी धारचे होतो, ना सरदारपूरचे. त्यांना खाली बसवताना दोन खुर्च्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण मुलगी उठली. तिरल्याची, शाळेत शिकवते, नाव रेखा वसुनिया, भिल समाजातली. ती शांतपणे म्हणाली, "वकील साब, नक्शे में हमारा तिरला भी डाल दिया, कुक्षी भी डाल दिया. हमसे पूछा किसने?"

दिघे हसून म्हणाले, "बेटी, पूछना क्या, तुम तो हमारी ही हो."

"यही तो भोपाल आपसे कहता है," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं की त्यांचीही मागणी आहे, भिलांच्या वेगळ्या राज्याची. तिने मोबाइलवर नकाशा काढला आणि पुढे येऊन यांच्या हातात दिला. यांनी चष्मा लावला. झाबुआ, अलिराजपूर, धार, राजस्थानातले, गुजरातेतले जिल्हे पाहताना मान डोलावत होते. बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"ये क्या? नंदुरबार? धुळे?"

"हाँ. वहाँ भी हमारे ही लोग हैं."

"नंदुरबार महाराष्ट्र का है!" हे उसळले. "महाराष्ट्र का टुकडा हम कैसे पडने देंगे?"

जन्मभर महाराष्ट्राचे दोन तुकडे मागणारा माणूस धारच्या मंचावर, माइकसमोर, त्याच्या अखंडतेसाठी छाती पुढे काढून उभा राहिला. पहिलं हसू ताईला फुटलं. पदर तोंडाला लावून ती अशी हसली की माहेरच्या कमलची मला आठवण झाली. मग मीही हसले, मग रेखा, आणि यांना कळेना की काय झालं. कळलं तेव्हा त्यांनी पाणी मागितलं.

मंडळाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. उज्जैनवाले एका हॉटेलात जेवायला गेले, धारवाले दुसऱ्या. पाहुण्यांना धारवाल्यांनी नेलं असेल असं उज्जैनवाल्यांना वाटलं आणि उज्जैनवाल्यांनी नेलं असेल असं धारवाल्यांना. आम्ही तिघं नकाशाखाली उपाशी उभे राहिलो.

तिरला

जेवू घातलं ते रेखाने. तिचं घर धारपासून जवळच. अंगणात तिच्या आईने गोवऱ्यांचा विस्तव केला होता. मक्याच्या पिठाचे जाड पानिये, खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांत घालून भाजलेले, वर तूप, आणि सोबत उडदाची झणझणीत डाळ. पान सोलून काढलं की पानियावर शिरांची नक्षी उमटलेली दिसते. आमच्याकडे पानगे करतात त्याच्या जवळचं, पण याला मक्याचा गोडवा. ताईने चुलीशी बसून पान कसं दुमडायचं ते रेखाच्या आईकडून शिकून घेतलं आणि तिचं पहिलं पानिय विस्तवात उलगडून पडलं. कोणी काही म्हणालं नाही. आई फक्त हसली आणि दुसरं पान दिलं.

हे खाता खाता वाटाघाटी करत होते. "तळोदा तुम रख लो, नंदुरबार छोड दो."

"सर, पहले पानिया खतम कीजिए," रेखा म्हणाली, "फिर तळोदे की बात करते हैं." यांचं चौथं चालू होतं. तळोद्याची गोष्ट तिथेच राहिली.

परतीच्या वाटेवर गाडीत ताई म्हणाली, "वसंतराव, तुमचं भाषण मला पटलं."

हे खुलले. "कुठला मुद्दा?"

"सुखी माणसाला मनाई आहे काय, तो. मी रविवारी हाटपिपल्याला राहायला जाते आहे."

यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मैदानांत, मंगल कार्यालयांत, पानटपऱ्यांवर हे भाषण चाललं. ऐकून खरोखर वेगळं निघालेलं माणूस यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते माणूस आमच्याच घरातलं निघालं.

पुन्हा देवास

रविवारी सकाळी पोह्यांवर इकडचा जिरावण मसाला भुरभुरताना ताईने घरात सांगितलं. संजू आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं.

"आई, तुला इथे काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग? रश्मी काही बोलली?"

"नाही रे. ती बिचारी कधी बोलते?"

"काका, तुम्हीच समजवा न हिला. तुमचंच भाषण ऐकून आली."

यांनी घसा साफ केला. आणि मग यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी आजवर फक्त मुंबईच्या मंत्र्यांच्या तोंडी ऐकलं होतं. "ताई, भावना समजतात. पण छोटं युनिट आर्थिकदृष्ट्या टिकत नाही. एकत्र राहण्यात ताकद असते."

"मला पेन्शन आहे," ताई म्हणाली.

"सुरक्षेचा प्रश्न येतो."

"वसंतराव, तुमचे पोहे गार होतायत."

हे पोहे खाऊ लागले. संजूचा चेहरा मात्र पार उतरला होता. तो वाईट मुलगा नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. वडील गेले तेव्हा रात्ररात्र आईच्या खोलीबाहेर झोपला होता. पण राग आला की माणूस जे बोलतो ते तो बोलला. "जायचं तर जा. मी सोडायला येणार नाही. आणि तिकडे भेटायलाही नाही येणार. लोकांनी काय म्हणायचं, पोराने घराबाहेर काढली?" गाडीची किल्ली उचलून तो निघून गेला.

ताईचा घास हातातच राहिला. मला वाटलं, संपलं. आता ही राहणार. तेवढ्यात रश्मी आत गेली आणि मसाल्याचा डबा, कणीक, तूप, लहान कुकर असं एकेक आणून पिशवीत भरू लागली. भिंतीतून आवाज आला, "रश्मी, काय करून रहीस?" तिने मान वर केली नाही. हातातला ओला नॅपकिन कॅमेऱ्यावर टाकला आणि कुकरची शिट्टी शोधू लागली.

आम्ही बागलीकडे जाणाऱ्या बसने निघालो. ती हाटपिपल्यावरून जाते. मी म्हटलं हे घरीच थांबतील. पण बस सुटता सुटता हे ताईची वळकटी डोक्यावर घेऊन धावत आले, कंडक्टरने वर ओढून घेतलं. "अखंडतेचं काय झालं?" मी विचारलं. "गादीशिवाय कशी झोपतील त्या?" हे धापा टाकत म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

हाटपिपल्या

खोली म्हणजे एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. विद्यार्थिनी आता स्वतः आजी झालेली, पण ताई दिसताच हात मागे बांधून उभी राहिली. आम्ही आधी नृसिंहाच्या देवळात जाऊन आलो. इथली दगडाची मूर्ती डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, नदीत सोडतात आणि ती तरते, अशी ख्याती. हे तिथेही पुजाऱ्याला घनता समजावून सांगू लागले. मी त्यांना बाहेर काढलं.

मग यांनी भिंतीला फळी ठोकली. ती डावीकडे उतरती आहे आणि तशीच राहील.

ताईने गॅस पेटवला. डाळ शिजली, तिने कढल्यात तेल तापवलं, मोहरी टाकली, आणि माझ्याशी बोलता बोलता फोडणी करपली. खोलीभर धूर झाला. ताई दचकली आणि वर, कोपऱ्यात बघू लागली. तिथे एक पाल होती. पाल काही बोलली नाही.

"सुधा," ताई हळूच म्हणाली, "कोणीच काही म्हणालं नाही." आणि करपलेल्या फोडणीचं वरण आम्ही तिघांनी भाताबरोबर संपवलं.

पण सगळं इतकं गोड नव्हतं. संजूचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई मोबाइल ओट्यावर ठेवायची, आत न्यायची, पुन्हा ओट्यावर आणायची. संध्याकाळी मला म्हणाली, "मी चुकले का गं? पोर दुखावलं." मी म्हटलं, चल परत, मग. तर म्हणाली, "परत जायचं म्हणत नाही मी. दुखावलं, एवढंच म्हणते." तिचे डोळे भरून आले. आम्ही दोघी गरम तळलेल्या गराडूवर, म्हणजे इकडच्या कंदावर, लिंबू पिळत बसलो. एवढी सोय तरी माळव्यातल्या थंडीत असते.

आमच्या निघण्याच्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. संजू. एवढ्या लांब गारठ्यात गाडी सोडून मोटारसायकलवर काहून आला ते त्यालाच माहीत. उंबऱ्याबाहेर हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. आईच्या घरी पाहुणा म्हणून जायची त्याची पहिलीच वेळ.

"ये, बस," ताई म्हणाली. "जेवणार का?"

"तू मला विचारतेस?"

"माझं घर आहे. आलेल्याला विचारायला नको?"

तो बसला. ताईने पान वाढलं. पहिल्याच घासाला म्हणाला, "आई, मीठ ज्यादा झालंय."

"हो. मला असंच आवडतं."

त्याने आईकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि खाली मान घालून सगळं जेवला. उठताना म्हणाला, "रविवारी येऊ?"

"फोन करून ये," ताई म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून, "नाही केलास तरी चालेल." तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहून ताट घासत होती.

नागपूर

परत आल्यावर समितीची बैठक झाली. यांनी दौऱ्याचा वृत्तांत दिला. नंदुरबारचा विषय निघाला नाही. माळव्यातली चळवळ अत्यंत जोमात असून एका भागाने प्रत्यक्ष स्वायत्तता मिळवली आहे, असं सांगितलं. कोणी तरी विचारलं, किती क्षेत्र? हे म्हणाले, आकडे यायचे आहेत. टाळ्या पडल्या. मी आत चहा करत होते.

कालच ताईचा फोन आला. संजू दर रविवारी येतो, मिठाबद्दल आता बोलत नाही. गुडघे बरे आहेत. शाळेतल्या दोन मुली संध्याकाळी मराठी वाचायला येतात. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आणि ऐक ना. माझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे. काल रश्मी एकटी आली होती. चहा प्यायली आणि ती खोली नीट बघून गेली. नळाला पाणी किती वेळ येतं, विचारत होती."

मी फोन ठेवला. हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "काय म्हणतात ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. "चळवळ वाढते आहे."